ओपन-फेस्ड रोस्ट बीफ सँडविच: घरची ग्रेव्ही डायनरसारखी का होत नाही?

पानगळ

दक्षिण मिनेसोटात राहायला आल्यापासून हा आमचा चौथा हिवाळा. इथल्या छोट्या गावांतल्या कॅफेत दुपारच्या पाटीवर नुसतं 'हॉट बीफ' किंवा 'हॉट बीफ कमर्शियल' असं लिहिलेलं असतं. पहिल्यांदा मागवलं तेव्हा काय येणार ते ठाऊक नव्हतं. पांढऱ्या ब्रेडचे दोन स्लाइस, त्यांवर बीफ, मधोमध बटाट्याच्या कुस्कऱ्याचा डोंगर आणि या सगळ्यावर तपकिरी ग्रेव्ही, ताटलीच्या काठापर्यंत. नाव सँडविच, पण खायचं काट्या-सुरीने. बाहेर बर्फ पडत होतं. पहिला घास घेतला आणि ठरवलं की हे घरी जमलंच पाहिजे.

दोनदा केलं, दोन्ही वेळा फसलं. पहिल्यांदा आय ऑफ राउंड (मागच्या मांडीचा एक कट) आणला, कारण तो दिसायला सुबक, गोल आणि चरबी नसलेला होता. स्लो कुकरमध्ये स्टॉक घालून आठ तास ठेवला. बाहेर काढला तर कोरडाठाक, दातात दोऱ्यासारखा अडकणारा. आठ तास पाण्यात राहून मांस कोरडं होतंच कसं, हे मला अजून उमगलेलं नाही. ग्रेव्हीसाठी त्याच पाण्यात मैदा कालवून ओतला. गुठळ्या झाल्या, त्या गाळून काढल्या, तरी कच्च्या पिठाची चव गेली नाही. रंगही फिकट, राखाडी.

दुसऱ्यांदा तोच कट ओव्हनमध्ये भाजला. मांस बरं झालं, पण पातळ कापून उकळत्या ग्रेव्हीत टाकलं आणि पाच मिनिटांत चामट झालं.

येत्या रविवारी पुन्हा करणार आहे, चौघांसाठी. कुठे चुकतंय ते नीट समजावून सांगाल का? पाककृती हजार सापडतात, मला कारणं हवी आहेत.

बिडाचं_भांडं

पानगळ, दोन्ही वेळा हात चुकला नाही, कट चुकला. ओपन-फेस्ड रोस्ट बीफ या एकाच नावाखाली दोन वेगळे पदार्थ खपतात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एक म्हणजे भाजलेलं, आतून गुलाबी, कागदासारखं पातळ कापलेलं मांस. त्याला राउंड चालतो: टॉप राउंड किंवा आय ऑफ राउंड. दुसरं म्हणजे तासन्‌तास मुरवून शिजवलेलं, काट्याने सुटणारं मांस. त्याला चक लागतो, म्हणजे खांद्याचा भाग. मिनेसोटातल्या कॅफेत तुम्ही जे खाल्लं ते बहुधा दुसरं. तुम्ही राउंडला चकसारखं वागवलंत.

आता कारण. चकमध्ये स्नायूंच्या मधून कोलॅजेन आणि चरबी असते. कोलॅजेन चिवट असतं, पण साधारण १६० अंश फॅरनहाइटच्या वर (७१ सेल्सिअस) ते हळूहळू जिलेटिन होऊ लागतं. त्याला तास लागतात, घाई चालत नाही. उष्णतेने स्नायू आक्रसतात आणि त्यांतलं पाणी बाहेर पडतं, हे चकच्या बाबतीतही होतंच. पण चकमध्ये ते जिलेटिन आणि वितळलेली चरबी धाग्यांना वेढून राहते, म्हणून घास ओलसर लागतो. आय ऑफ राउंडमध्ये ना तेवढं कोलॅजेन ना चरबी. आठ तासांत त्याचं पाणी पिळून निघालं आणि त्याची जागा घ्यायला काहीच नव्हतं. भोवती कितीही स्टॉक असला तरी तो धाग्यांच्या आत परत शिरत नाही. 'पाण्यात राहून कोरडं' याचं उत्तर हे.

रविवारी चौघांसाठी करायचं असेल तर चक घ्या, ३ ते साडेतीन पौंडांचा, हाड नसलेला. दुकानात लेबलवर यूएसडीएची, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याची, प्रत लिहिलेली असते: प्राइम, चॉइस, सिलेक्ट. या कामाला चॉइस उत्तम. पांढऱ्या बारीक रेषा मांसभर पसरलेला तुकडा निवडा. एकाच कडेला जाड चरबी आणि बाकी लालभडक असेल तर तो राहू द्या.

दहिवर

वाचते आहे. मीसुद्धा राउंडवर पैसे घालवले आहेत.

खरवड

बिडाचं_भांडं यांनी मांसाचं सांगितलं, मी ग्रेव्हीचं सांगतो, कारण माझा जीव तिच्यात आहे.

पानगळ, तुमची ग्रेव्ही मांस शिजल्यावर सुरू झाली. ग्रेव्ही सुरू व्हायला हवी मांस भांड्यात पहिल्यांदा टेकतं तेव्हा. स्लो कुकरमध्ये कच्चं मांस थेट स्टॉकमध्ये ठेवलंत तर पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर काहीच जात नाही. तपकिरी रंग आणि भाजका स्वाद यायला पृष्ठभाग कोरडा हवा आणि तापमान साधारण ३०० फॅरनहाइटच्या आसपास पोचायला हवं. ओल्या भांड्यात ते शक्यच नाही. म्हणून राखाडी रंग.

आधी एक जुना समज बाजूला ठेवू. मांस आधी परतलं की 'रस आत कोंडला जातो' असं अजून खूप जण सांगतात. १९व्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ही कल्पना पसरली. ती खरी नाही. परतलेल्या मांसातूनही रस निघतोच, भांड्यातली चरचर ऐका, ते पाणीच आहे. परतायचं ते रंगासाठी, चवीसाठी आणि भांड्याच्या तळाला जे चिकटतं त्यासाठी. तो तपकिरी थर म्हणजेच तुमची ग्रेव्ही. अजून पातळ व्हायची आहे इतकंच.

कृती अशी. आदल्या रात्री मांसाला सगळीकडून मीठ चोळा, पौंडाला साधारण एक छोटा चमचा जाडं कोशर मीठ. झाकण न घालता फ्रीजमध्ये ठेवा. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग ते खारं पाणी मांस परत आत घेतं, आणि सकाळपर्यंत वरचा भाग कोरडा होतो. परतण्याआधी कागदी रुमालाने पुन्हा टिपा. जाड बुडाचं भांडं चांगलं तापू द्या, दीड मोठा चमचा तेल घाला, मांस ठेवा आणि हात लावू नका. एकेक बाजू ४-५ मिनिटं. मांस तयार झालं की स्वतःच सुटतं. ओढावं लागत असेल तर अजून वेळ आहे.

मांस काढून त्याच तेलात दोन मोठे कांदे उभे चिरून घाला, चिमूटभर मीठ घाला. कांद्याला पाणी सुटेल तसा तळ खरवडायला लागा, लाकडी उलथन्याने. मग एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट घालून ती लालची विटकरी होईपर्यंत परता. हे टाळू नका. कच्ची पेस्ट आंबट लागते, परतलेली गोडसर आणि खोल लागते. त्यावर दोन कप बीफ स्टॉक, कमी मिठाचाच, कारण तो पुढे आटणार आहे आणि मीठ आटत नाही. तमालपत्र, थाइमच्या दोन काड्या, ठेचलेला लसूण. मांस परत आत. पातळ पदार्थ मांसाच्या निम्म्या उंचीपर्यंतच यायला हवा. मांस बुडलं तर ते उकडलं जाईल. झाकण लावून ३०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये तीन ते साडेतीन तास, मध्ये एकदा उलटवून.

बिडाचं_भांडं

खरवड यांच्याशी पूर्ण सहमत. फक्त एक जोड: घड्याळ बघू नका, काटा बघा. मांसात काटा खुपसून फिरवला आणि तो विनासायास फिरला की झालं. थर्मामीटर लावलात तर २०० च्या आसपास दाखवेल. १८० ला काढलंत तर मांस सुरक्षित असेल पण रबरासारखं असेल, आणि तुम्हाला वाटेल की जास्त शिजलं. प्रत्यक्षात कमी शिजलेलं असतं. चकच्या बाबतीत ही चूक मी इतक्या लोकांना करताना पाहिली आहे की आता सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आणि शिजल्यावर लगेच बाहेर काढू नका. त्याच रसात झाकण अर्धवट ठेवून अर्धा तास निवू द्या.

पानगळ

हे सोन्यासारखं आहे. राउंडचं पाणी पिळून निघालं हे वाचलं आणि डोक्यात दिवा पेटला.

पण खरवड, पिठाचं काय? मैदा नेमका कधी आणि कसा?

खरवड

येतो त्याच्याकडे. मांस काढलं, रस गाळून घेतला. गाळताना चाळणीतला कांदा चमच्याने दाबा, त्यात खूप जीव असतो. रस एका उंच भांड्यात दहा मिनिटं ठेवा म्हणजे चरबी वर येईल. ती डावाने काढून वेगळी ठेवा, फेकू नका.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: दोन मोठे चमचे चरबी, दोन मोठे चमचे मैदा, एक कप रस. ही मध्यम दाट ग्रेव्ही. चकच्या रसात जिलेटिन असतं, त्यामुळे मी कपाला दीड चमचाच मैदा घेतो. चौघांना ताटली भरून वाढायची तर तीन कप ग्रेव्ही हवीच. रस कमी पडला तर स्टॉक घालून तीन कप करा.

चरबी पातेल्यात गरम करा, मैदा घाला आणि मध्यम आचेवर सतत हलवत भाजा. बेसनाच्या लाडवासाठी बेसन भाजताना जसं नाक सांगतं, तसं इथेही नाकच सांगेल. आधी कच्च्या पिठाचा वास, मग बिस्किटांसारखा, मग भाजलेल्या दाण्यांसारखा. मी दाण्यांच्या वासाला थांबतो, ६-७ मिनिटं लागतात. त्याहून गडद केलंत तर स्वाद वाढतो पण दाटपणा घटतो, कारण भाजताना स्टार्च तुटतं. मग पीठ जास्त लागतं.

मग गरम रस, आधी अर्धी वाटी. जोरात फेटा. घट्ट गोळा होईल, घाबरू नका. पुन्हा अर्धी वाटी, पुन्हा फेटा. गोळा सैल होऊन गुळगुळीत झाला की उरलेला रस ओता. गुठळ्या का होतात? मैद्याचे कण एकमेकांना चिकटलेले असतानाच बाहेरून फुगतात आणि आतलं पीठ कोरडंच कोंडलं जातं. चरबीत भाजल्याने प्रत्येक कणाला तेलाचं आवरण येतं, ते सुटे राहतात. तुम्ही कोरडा मैदा गरम पाण्यात घातलात, तिथे त्यांना सुटं व्हायला संधीच मिळाली नाही.

एकदा उकळी येऊ द्या, त्याशिवाय खरा दाटपणा कळत नाही. मग मंद आचेवर ८-१० मिनिटं. कच्ची चव या दहा मिनिटांत जाते. चमचा बुडवून पाठीवर बोट ओढा, रेघ तशीच राहिली तर ग्रेव्ही झाली. मीठ अगदी शेवटी चाखून घाला. वूस्टरशायर सॉसचे काही थेंब आणि भरपूर मिरी.

तिसरी_शिट्टी

कॉर्नस्टार्चने केलं तर? आमच्याकडे एकाला ग्लूटेन चालत नाही.

खरवड

चालेल. मैद्याच्या निम्मं घ्या, गार पाण्यात कालवून उकळत्या रसात धारेने सोडा, एक-दोन मिनिटांत बंद करा. फार उकळलंत तर पुन्हा पातळ होते. ती चकचकीत दिसते आणि फ्रीझरमध्ये ठेवली तर पाणी सोडते. भाजलेल्या मैद्याचा स्वाद मात्र त्यात नसतो, म्हणून कांदा जास्त लाल करा. स्टॉक आणि वूस्टरशायरच्या बाटलीवरचं लेबलही वाचा, काहींत गव्हाचा अंश असतो. आणि अर्थात ब्रेड वेगळा लागेल.

तिसरी_शिट्टी

आभार! प्रेशर कुकरमध्येही होईल ना?

बिडाचं_भांडं

होईल. इलेक्ट्रिक कुकरमध्ये चकचे तीन-चार मोठे तुकडे करा, आतच नीट परता, तळ खरवडून स्वच्छ करा (नाहीतर करपल्याची सूचना येते), एक-दीड कप स्टॉक, ६० मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. झटकन वाफ सोडलीत तर आतला रस उकळून बाहेर येतो. कुकरमध्ये काही आटत नाही, म्हणून रस पातळ निघेल. मांस काढून तो उघड्यावर दहा-पंधरा मिनिटं आटवा. पाऊण चव मिळते. उरलेली पाव ओव्हनमधल्या तीन तासांची असते. मांसाचा वर राहिलेला भाग तिथे भाजत राहतो.

उत्तरवारा

इंडियानातून. आमच्याकडे याच ताटलीला 'बीफ मॅनहॅटन' म्हणतात. नाव न्यूयॉर्कचं, पदार्थ इथला. ब्रेड तिरका कापून दोन त्रिकोण दोन बाजूंना, बटाटा मध्ये, ग्रेव्ही वरून. काही ठिकाणी मांस ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये असतं, काही ठिकाणी उघडं.

मला चकचं मुरलेलं मांस आवडतं, पण राउंडलाही न्याय मिळावा म्हणून लिहितो. माझी आई-बाबांसाठीची आवृत्ती भाजलेल्या टॉप राउंडची असते आणि ती नीट केली तर अप्रतिम होते. मीठ लावून रात्रभर ठेवायचा, सगळीकडून परतायचा, मग २५० फॅरनहाइटवर ओव्हनमध्ये. मंद आच यासाठी, की कडेपासून मध्यापर्यंत सगळीकडे सारखा शिजतो. ४५० वर ठेवला तर बाहेर राखाडी पट्टा आणि आत कच्चा.

तापमानाबद्दल स्पष्ट सांगतो. यूएसडीएचा सल्ला अखंड तुकड्यासाठी १४५ फॅरनहाइट आणि वर तीन मिनिटं विसावा. गुलाबी हवा म्हणून बरेच जण १२५ लाच काढतात. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर १४५ पाळा. आई-बाबा येतात तेव्हा मी १४५ च पाळतो, आणि पातळ कापल्यावर, वर ग्रेव्ही असताना, कोणालाही तो कोरडा वाटलेला नाही.

सगळी मेख कापण्यात. मांसाच्या रेषा कुठल्या दिशेने धावतात ते कच्चं असतानाच बघून ठेवा, शिजल्यावर पटकन दिसत नाही. सुरी त्यांना आडवी चालवा. रेषेच्या दिशेने कापलं तर प्रत्येक घासात लांबच लांब दोरे येतात, आडवं कापलं तर तेच दोरे काही मिलिमीटरचे होतात आणि दातांचं काम सुरीच करून टाकते. घरी यंत्र नसेल तर मांस पूर्ण गार करून फ्रीजमध्ये तासभर ठेवा, मग कापा. गार मांस सुरीखाली हलत नाही.

आणि पानगळ, तुमची दुसरी चूक: काप उकळत्या ग्रेव्हीत टाकलेत. १४५ पर्यंत सांभाळून आणलेलं मांस तुम्ही २०० च्या पुढे नेलंत. ग्रेव्ही गॅसवरून उतरवा, उकळी बसू द्या, मग काप त्यात अर्धा मिनिट बुडवा आणि थेट ब्रेडवर. मांस शिळं असेल, फ्रीजमधलं असेल, तर मात्र सुरक्षिततेसाठी १६५ पर्यंत गरम करायला सांगतात. म्हणून उरणार हे माहीत असेल तेव्हा मी चक करतो. त्याला पुन्हा गरम केल्याने काही होत नाही.

दहिवर

उत्तरवारा, तिरक्या रेषा असलेला भाग असतो तिथे काय करता? माझ्या टॉप राउंडमध्ये अर्ध्यात दिशा बदलली होती.

उत्तरवारा

तिथे तुकडा करून फिरवायचा आणि वेगळा कापायचा. दुसरा इलाज नाही. आय ऑफ राउंडमध्ये ही भानगड नसते, रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ असतात. पहिल्यांदा करणाऱ्याला म्हणूनच तो सोपा.

मोहरीची_फोडणी

मी बीफ खात नाही, पण हा धागा एका दमात वाचला. थँक्सगिव्हिंगनंतर आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये याच पद्धतीचं गरम टर्की सँडविच असतं, ते मला फार आवडतं. घरी शाकाहारी ग्रेव्ही करायची झाली तर ती तपकिरी चव कुठून आणायची? बाजारातली पाकिटं नकोत.

खरवड

टर्कीला पद्धत तीच: भाजलेल्या ट्रेच्या तळातून सुरुवात.

शाकाहारीसाठी मश्रूम. पाऊण पौंड मश्रूम जाड कापा, कोरड्या गरम भांड्यात एका थरात पसरा, तेल नंतर. आधी त्यांना पाणी सुटेल, ते पूर्ण आटू द्या, मग बटर घालून कडा गडद होईपर्यंत थांबा. बहुतेक जण पाणी सुटलं की गॅस बंद करतात आणि सगळी चव तिथेच राहते. पुढे कांदा, टोमॅटो पेस्ट, सगळं वरच्यासारखंच. वाळवलेले पोर्चिनी मश्रूम अर्धा तास गरम पाण्यात भिजवलेत तर ते पाणीच स्टॉक म्हणून वापरा, फक्त तळाची माती गाळा. शेवटी एक छोटा चमचा सोया सॉस. वूस्टरशायरमध्ये सहसा अँचोव्ही मासे असतात, तेव्हा तो टाळा.

मोहरीची_फोडणी

वूस्टरशायरमध्ये मासे असतात हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मनापासून आभार.

शेगडी

ब्रेडबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलते.

डायनरचा तो मऊ पांढरा ब्रेड चुकून वापरलेला नाही. तो ग्रेव्ही शोषतो, आणि शेवटचा घास म्हणजे ग्रेव्हीने भरलेला स्पंजच असतो. ज्यांना ते आवडतं त्यांनी भाजू नये. मला मात्र खालचा ब्रेड थोडा तरी उभा राहिलेला हवा असतो. मी जाड कापलेला ब्रेड घेते, बटर लावून फक्त खालची बाजू तव्यावर खरपूस करते. वरची बाजू मऊ राहते आणि ग्रेव्ही पिते, खालची ताटलीला चिकटत नाही. जाड सालीचा सावरडो (आंबवलेल्या पिठाचा ब्रेड) मी दोनदा घेऊन पाहिला. साल कापताना जोर लावावा लागतो, तोवर मांस ताटलीभर घसरतं. पुन्हा घेतला नाही.

ताटल्या आधी गरम करा! ओव्हन २०० वर ठेवून दहा मिनिटं. गार ताटलीवर ग्रेव्हीची साय दोन मिनिटांत धरते आणि चरबी काठाला गोठते. एवढ्या तासांची मेहनत थंड चिनी मातीवर वाया घालवू नका.

बटाटा: पिठूळ हवा तर रसेट, लोण्यासारखा गुळगुळीत हवा तर युकॉन गोल्ड. सोलून मोठे तुकडे गार, खारट पाण्यात टाकून मग गॅस लावा, म्हणजे बाहेर गळून आत कच्चा राहत नाही. निथळल्यावर रिकाम्या गरम पातेल्यात परत टाकून मिनिटभर हलवा, उरलेली वाफ जाऊ द्या. हाताने कुस्करा. मिक्सरला लावलात तर स्टार्च बाहेर येऊन खळ होते. आधी बटर, मग गरम दूध. ग्रेव्हीसोबत खायचा असल्याने कुस्करा थोडा घट्टच ठेवा, मध्ये खळगा करता आला पाहिजे.

पानगळ

तो खळगा! मी विसरलेच होते. कॅफेत वाढणाऱ्या आजी डाव उलटा करून खळगा करायच्या आणि त्यात ग्रेव्ही भरून मग बाकीची सभोवती ओतायच्या. मी बघत राहायचे.

कोरडी_चटणी

एक माहिती, या विषयाशी नातं असलेली. अमेरिकेत कारखान्यात तयार होणाऱ्या मांसाच्या सँडविचवर देखरेख कोणाची, हे ते उघडं की बंद यावर ठरतं. दोन स्लाइसमधलं बंद सँडविच एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन), उघडं सँडविच यूएसडीएकडे. आणि उघड्याला त्या नावाने विकायचं तर किमान ५० टक्के शिजवलेलं मांस लागतं, बंदाला ३५ टक्के. पॅकबंद अन्नाच्या लेबलांचं काम करते म्हणून माहीत. घरीसुद्धा मी हेच प्रमाण मनात धरते. उघड्या सँडविचला मांसात कंजुषी केली की तो ब्रेड-ग्रेव्ही होतो.

शेजारी हॉर्सरॅडिश ठेवा, ते झणझणीत मूळ. तिखटपणा किसल्यावर तयार होतो आणि उष्णतेने जातो, म्हणून ग्रेव्हीत शिजवू नका. आंबट क्रीममध्ये कालवून ताटलीच्या कडेला.

उत्तरवारा

हॉर्सरॅडिशला +१. बफेलो शहरात 'बीफ ऑन वेक' खाल्लं होतं, वर जाडं मीठ आणि शहाजिऱ्यासारखे कॅरवे लावलेला पाव, आत गुलाबी बीफ आणि नाकात जाणारं हॉर्सरॅडिश. तेव्हापासून फ्रीजमध्ये बाटली असतेच.

तिसरी_शिट्टी

आठवड्यातल्या दिवशी कोणाला वेळ? डेलीमधून (तयार मांस कापून देणाऱ्या दुकानातून) आणलेलं रोस्ट बीफ आणि घरची ग्रेव्ही, असं केलं तर चालेल का?

शेगडी

चालेल, मीही करते. कांदा बटरमध्ये अगदी गडद करा, अर्धा तास मंद आचेवर, कारण भांड्याचा तळ तुमच्याकडे नाही. कांद्यालाच ते काम करावं लागतं. मग मैदा, मग स्टॉक. डेलीचं मांस खारट असतं, ग्रेव्हीत मीठ जवळपास नकोच. काप ब्रेडवर सुटे सुटे, घड्या पाडून ठेवा आणि वरून कडकडीत ग्रेव्ही ओता. ग्रेव्हीत शिजवू नका.

पानगळ

रविवार झाला. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ दिलात.

चक आणला, ३.२ पौंड. शनिवारी रात्री मीठ. सकाळी फ्रीजमधून काढला तर वरून गडद आणि हाताला चिकट-कोरडा लागत होता, आधी कधी असा पाहिला नव्हता. परतताना हात लावायचा नाही हे सर्वात कठीण गेलं. चौथ्या मिनिटाला चिमट्याने हळूच कोपरा उचलला, सुटला नाही, सोडून दिला. सहाव्या मिनिटाला आपोआप सुटला आणि खालची बाजू भाजलेल्या कॉफीच्या रंगाची. कांदा घातल्यावर तळ खरवडताना तो काळसर थर पाण्यात विरघळून सगळा कांदा तपकिरी झाला, तेव्हा खरवड यांचं 'अजून पातळ व्हायची आहे' हे वाक्य डोळ्यांसमोर दिसलं.

तीन तासांनी काटा फिरवला, अडला. थर्मामीटर १८४. जुनी मी असते तर 'जास्त शिजलं' म्हणून बाहेर काढला असता. चाळीस मिनिटांनी पुन्हा बघितलं, काटा लोण्यात फिरावा तसा फिरला. बिडाचं_भांडं, तुमचे उपकार आहेत.

मैदा दाण्यांच्या वासापर्यंत भाजला. पहिली अर्धी वाटी रस घातल्यावर झालेला गोळा बघून धस्स झालं, पण फेटत राहिले आणि तिसऱ्या वाटीला ग्रेव्ही रेशमासारखी झाली. एकही गुठळी नाही. ब्रेड शेगडीताईंच्या पद्धतीने, एका बाजूने. ताटल्या गरम. खळगा डाव उलटा करून.

आमच्या मुलाने ताटली ब्रेडच्या शेवटच्या तुकड्याने पुसली. नवऱ्याने दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा नुसती ग्रेव्ही आणि बटाटा मागितला.

एक प्रश्न उरला. उरलेली ग्रेव्ही सकाळी फ्रीजमध्ये जेलीसारखी थरथरत होती, चमचा उभा राहिला. बिघडली का?

खरवड

वाचून फार आनंद झाला. बिघडली नाही, तेच ते चकचं जिलेटिन. गरम करताना दोन चमचे पाणी घाला, मंद आचेवर फेटा, पूर्ववत होईल. जेवणानंतर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेली असेल तर तीन-चार दिवस उत्तम राहते. पुन्हा उकळी आणून मगच वाढा.

पानगळ

तासाभरातच ठेवली होती. मग उद्याच्या डब्यात मांस आणि ग्रेव्ही एका बरणीत, ब्रेड वेगळा. ऑफिसात मायक्रोवेव्ह आहे. पुढच्या महिन्यात उत्तरवारा यांचा टॉप राउंड, १४५ वर.